पितृपक्षातला अर्ज

ओ-पेअर म्हणजे काय, हे कराडमध्ये चारचौघांना समजावून सांगताना आईच्या नाकी नऊ आले होते. परक्या देशात एका कुटुंबात वर्षभर राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरात थोडीफार मदत करायची आणि त्या बदल्यात राहणं, जेवण, भाषेचा क्लास. एवढं ऐकून घेतल्यावर प्रत्येक बाई शेवटी तोच प्रश्न विचारायची, म्हणजे धुणीभांडी का? आईचा पारा चढायचा. "घरातल्यासारखं राहायचं असतं," असं ती ठणकावून सांगायची आणि घरी आल्यावर मला फोन करून हळूच विचारायची, भांडी कोण घासतं गं तिथे? मशीन घासतं म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडायचा.

मी हायडेलबर्गला गेले ती मार्चच्या अखेरीस. घरात नऊ आणि पाच वर्षांच्या दोन मुली, त्यांचे कामानिमित्त सतत फिरतीवर असणारे बाबा आणि त्यांची आई. ही आई विद्यापीठात संशोधक. पेशींवर काम करायची आणि घरातही तशीच चालायची, म्हणजे प्रत्येक डब्याला लेबल, प्रत्येक लेबलावर तारीख. तिला मी नावानंच हाक मारायचे, तिकडे तशीच रीत आहे, पण पहिले दोन महिने दर वेळी जीभ अडखळायची. इथे तिला मी मुलींची आई म्हणते.

माझा व्हिसा सहा महिन्यांचा होता. पुढचे सहा महिने तिथल्याच परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून वाढवून घ्यायचे असतात, आणि त्यासाठी जुना व्हिसा संपायच्या आत अर्ज करावा लागतो. यात न कळण्यासारखं काहीच नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मी ऑनलाइन फॉर्म भरला, पासपोर्टची पानं, करार, विम्याचं पत्र, क्लासचा दाखला, सगळं जोडलं. राहिलं होतं ते फक्त 'पाठवा' हे बटण दाबायचं. तेवढ्यात आईचा फोन आला, आणि मी हौसेनं तिला सांगितलं की बघ, सगळं वेळेच्या आधी तयार आहे.

आई म्हणाली, पितृपक्ष लागलाय. या पंधरवड्यात नवीन कामाला हात घालू नये. मी म्हटलं, नवीन कुठंय, जुनंच पुढे चालू ठेवायचंय. ती म्हणाली, अर्ज तर नवा आहे ना? व्हिसा संपत होता सर्वपित्री अमावस्येला. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. एका दिवसानं काय होतंय, विजेचं बिलसुद्धा चार दिवस उशिरा भरलं तरी कोणी लगेच वायर कापत नाही, असा मी स्वतःशीच हिशेब केला. आता वाटतं, तेव्हा माझ्या डोक्यात काय भरलं होतं? पण बावीस वर्षं ज्या घरात साधी चप्पलसुद्धा पितृपक्षात घेतली नव्हती, त्या घरातून आलेली मी, बटणावर बोट ठेवून पंधरवडाभर बसून राहिले. घटस्थापनेला पहाटे अंघोळ करून खोलीत दिवा लावला, नमस्कार केला आणि बटण दाबलं. फार प्रसन्न वाटलं.

दोन आठवड्यांनी बोलावणं आलं. बोटांचे ठसे घेतले, कार्ड छापून यायला वेळ लागेल म्हणाले आणि तोवर जवळ ठेवायला एक घडीचा कागद दिला. त्या कागदाचं जर्मन नाव त्या कागदापेक्षा लांब आहे, म्हणून मी त्याला घडीचा कागदच म्हणायचे. माझा फोटो, शिक्का, सही. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि दादाला कळवलं की काम झालं, तिकीट काढ.

कारण दसरा झाल्या-झाल्या मी आत्या झाले होते. दादा-वहिनीला मुलगी झाली. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि दादाला सख्खी बहीण मी एकटीच. खरं तर बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण वहिनीच्या माहेरच्यांनी मोठ्या मनानं ते सव्वा महिन्यावर नेलं, मला सुट्टी मिळावी म्हणून. सांगलीत हॉल ठरला. आईनं फोनवर मला आत्याबाई म्हणायला सुरुवात केली. दरम्यान माझ्या चुलत बहिणीनं, म्हणजे काकांच्या मुलीनं, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं की ताईला जमलं नाही तर मी आहेच. सोबत साडीचा फोटो. मी त्यावर अंगठा दिला, पण तो कुठल्या मनानं दिला ते मलाच माहीत.

दिवाळीच्या फराळाला मी एश्बॉर्नच्या काकूंकडे गेले. एश्बॉर्न म्हणजे फ्रँकफर्टच्या कुशीतलं ऑफिसांचं गाव, आणि काका-काकू म्हणजे पुण्याहून येऊन तिथे पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये मुरलेलं जोडपं. क्लासमधल्या एका मुलीनं माझी ओळख करून दिली होती आणि काकूंनी मला पहिल्याच भेटीत भाची करून टाकलं होतं. जर्मनीतल्या मराठी माणसांचं एक आहे, चकली कशी बिघडली यावर ती जेवढं बोलत नाहीत तेवढं व्हिसावर बोलतात. मी बारशाला जाणार म्हटल्यावर काकूंनी लाडूचा हात पुसला आणि म्हणाल्या, "कार्ड आलं का?" मी म्हटलं, नाही, पण कागद आहे, आणि मोठ्या ऐटीत तो पुढे केला.

त्यांनी चष्मा लावून तिसरं पान उघडलं. तिथे तीन छोटे चौकोन असतात आणि त्यातल्या एकात फुली असते. मी ते पान तोवर वाचलंच नव्हतं. काकू काकांना म्हणाल्या, "अहो, इकडे या जरा, हिला दुसऱ्या चौकोनात टाकलंय." काकांनी चकली खाली ठेवली. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"आल्झो, नीट ऐक," तिकडच्या 'तर मग'नं सुरुवात करत काकू म्हणाल्या. "तिसऱ्या चौकोनात फुली असली, की तुझा जुना व्हिसा चालू आहे असं धरतात. बाहेर जा, परत ये, नो प्रॉब्लेम. दुसरा म्हणजे फक्त एवढंच, की निर्णय होईपर्यंत तुला हाकलणार नाहीत. तू देशाबाहेर पाऊल टाकलंस ना, तर परत आत येता येणार नाही. नव्यानं मुंबईहून व्हिसा. तू अप्लाय कधी केलंस?"

मी घटस्थापनेला म्हटलं. काकूंना सगळं एका क्षणात कळलं, कारण त्या पुण्याच्या होत्या. त्यांनी फक्त कपाळाला हात लावला. मग मला डबा भरून चिवडा दिला.

परतीच्या गाडीत मी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसले आणि सरळ रडले. मुंबईहून नवा व्हिसा म्हणजे काही महिने, आणि ओ-पेअरला मिळून मिळतं एकच वर्ष. म्हणजे बारशाला गेले, तर माझी जर्मनी संपली. त्या दोन मुली, अर्धा झालेला क्लास, सगळं संपलं. नाही गेले, तर माझ्यासाठी थांबवलेल्या बारशात माझ्या भाचीच्या कानात दुसरंच कोणी नाव सांगणार. आणि हे सगळं एका बटणापायी. आईला सांगायची सोयच नव्हती. तिला कळलं असतं की तिच्या शब्दामुळे हे झालं, तर तिनं स्वतःला वर्षभर खाल्लं असतं. मी घरी फोन करून सांगितलं, ऑफिसचं काम फार ढिलं आहे, कार्ड वेळेवर येईलसं दिसत नाही.

आईनं ते इतकं मनावर घेतलं, की दुसऱ्या दिवशी अख्ख्या नातेवाइकांना ते कळलं. जर्मनीची फक्त नावाला शिस्त आहे, आतून सगळा सरकारी कारभार, असं तिनं ग्रुपवर लिहिलं. कोणी काही विचारलं की ती त्या ऑफिसचा उद्धार करायची. मला त्या बिचाऱ्या ऑफिसची दया यायची.

मुलींच्या आईला मात्र खरं सांगावंच लागलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, कागद वाचला, कायद्याचं कलम शोधून वाचलं आणि म्हणाली, या फुलीवर तुला काम करायची परवानगी आहे का, हेच स्पष्ट नाही. तेव्हा ते स्पष्ट होईपर्यंत तू काम करायचं नाहीस. आजपासून तू पाहुणी.

असले हाल मी जन्मात काढले नव्हते. सकाळी मुलींचे डबे ती भरायची आणि मी हातावर हात ठेवून बघायचे. ताट उचललं तर ती माझ्या हातातून काढून घ्यायची. धाकटी तर गुप्तहेरच झाली. मी मशीनमध्ये एक कप ठेवला, की ती जिन्यातून ओरडून आईला कळवायची. थोरलीची वेणी घालणं काम आहे की माया, यावर एकदा जेवताना चर्चा झाली आणि शेवटी वेणी मायेत धरली गेली. मग मी दिवसातून तीनदा वेण्या घालत सुटले.

काकूंनी सांगितलं होतं की उशिरा आलेल्या अर्जालाही तिसऱ्या चौकोनात बसवायची सोय कायद्यात आहे. उशीर निव्वळ नजरचुकीनं झाला असेल आणि परिणाम फारच अन्यायाचे होणार असतील, तर. त्यासाठी कारण लिहून द्यायचं. मी ताप आला होता असं लिहायच्या बेतात होते. मुलींच्या आईला ते पटलं नाही. खरं लिही, म्हणाली, पण अर्ध्या पानात, आणि पुरावा जोड. पितृपक्षाचा पुरावा कुठून आणायचा? शेवटी मी दादाला सगळं सांगितलं, आईला कळता कामा नये असं बजावलं, आणि त्यानं स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फोटो काढून पाठवलं. पंधरा दिवसांखाली श्राद्धांच्या तिथी छापलेल्या होत्या. मी खाली जर्मन भाषांतर लिहिलं. पंधरा दिवस, पूर्वज घरी येतात, शुभकार्य नाही. मुलींच्या आईनं तिचं वेगळं पत्र बंद पाकिटात दिलं आणि मला ते उघडायला मनाई केली.

ऑफिसातल्या बाई पन्नाशीच्या असतील. टेबलावर एक निवडुंग आणि माझी फाइल. त्यांनी अर्धं पान वाचलं, मग कॅलेंडर बराच वेळ बघितलं. एका तारखेवर आईच्या अक्षरात काहीतरी होतं, त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा कुठला विधी? मी म्हटलं, त्या दिवशी गॅसचं सिलिंडर बदललं. त्यांनी मान डोलावली, जणू तेही फाइलमध्ये जायला हवं होतं.

मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "माझी आई नाताळ ते सहा जानेवारी घरात एक कपडा धुऊन वाळत घालत नाही. घरात मृत्यू येतो म्हणे. पण कराचे कागद ती वेळेवर भरते."

मी खाली मान घातली. बारशाला मी नाही गेले तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. मी आत्याचा मान समजावून सांगितला. कानात नाव, मग पाठीत बसणारे धपाटे, हे ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी नेमका नको तो प्रश्न विचारला. हे काम दुसरं कोणी करू शकतं का?

नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण समोर माझंच अर्धं पान होतं, आणि ते सगळं खरं होतं. मी म्हटलं, "हो. माझी चुलत बहीण करू शकते. तिनं साडीसुद्धा काढून ठेवलीये."

"मग हा काही अन्याय होत नाही," बाई म्हणाल्या, आणि मला वाटलं, संपलं. त्यांनी मुलींच्या आईचं पाकीट उघडलं. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. त्यात काय होतं ते मला मुलींच्या आईनं पुढे कधीतरी सांगितलं. एवढंच लिहिलं होतं की पाहुणी झाल्यापासून ही मुलगी आमच्या घरात दुःखी आहे, आणि तिच्यामुळे आमच्या मुलीही, आणि एका दिवसाच्या उशिराची एवढी शिक्षा तीन जणींना होणं प्रमाणात बसत नाही. शेवटच्या ओळीत तिनं करार मार्चपर्यंत असल्याचं कलम दिलं होतं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं बाई स्वतःशीच म्हणाल्या. हा तर्क त्यांना कळला. त्यांनी माझा कागद घेतला, नवा छापला, सही केली, शिक्का मारला आणि तिसरं पान माझ्यासमोर धरलं. फुली तिसऱ्या चौकोनात होती. खाली कामाची परवानगीही लिहिली होती. थेट फ्रँकफर्टचंच विमान घ्या, मध्ये दुसऱ्या देशात उतरू नका, असं त्यांनी बजावलं. आणि म्हणाल्या, विमान कंपनीच्या काउंटरवर हा कागद पुष्कळांना माहीत नसतो, तेव्हा नियमाची छापील प्रत जवळ ठेवा आणि भांडू नका.

त्या संध्याकाळी मी मशीनमधली सगळी भांडी काढली, पुन्हा भरली, आणि कोणाचीही बिशाद झाली नाही मला अडवायची.

बारसं दणक्यात झालं. बाळाच्या कानात नाव सांगताना माझ्या ओठांना तिचा तो ऊबदार, लव असलेला कान लागला, आणि मी नाव दोनदा सांगितलं, एकदा रीतीसाठी आणि एकदा माझ्यासाठी. पाठीत पहिला धपाटा चुलत बहिणीचा होता आणि तो प्रेमाचा नव्हता. नंतर घुगऱ्या वाटताना तिनंच मला मिठी मारली. आई हॉलभर फिरून प्रत्येकीला सांगत होती, कसलं ते ऑफिस, पोरीला रडवलं नुसतं, एक कागद द्यायला महिना. मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. मला हसू येत होतं आणि थोडं अपराधीही वाटत होतं, कारण आईशी एवढं मोठं खोटं मी कधी बोलले नव्हते.

परतीचं विमान दुपारचं होतं. दादा आणि आई मुंबईपर्यंत सोडायला आले. बोर्डिंग पास हातात पडल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही, असं म्हणून आई विमानतळाच्या दाराबाहेर उभी राहिली. आत काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उघडला आणि म्हणाली, मॅडम, तुमचा व्हिसा संपलाय. मी घडीचा कागद दिला. तिनं तो उलटा, सुलटा, मग उजेडात धरून पाहिला. असा कागद तिनं कधी पाहिला नव्हता. ती आत गेली. दुसरा आला, त्यानं कोणाला तरी फोन लावला. माझ्या मागची माणसं एकेक करून पुढे गेली. मी नियमाची प्रत काढून काउंटरवर ठेवली, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि भांडले नाही. इथून मागे फिरावं लागलं असतं तर ते बाहेर, दारात उभ्या असलेल्या आईसमोर फिरावं लागलं असतं.

पाऊण तासानं तो माणूस फोन ठेवून म्हणाला, ओके, तिसरा बॉक्स आहे. आणि पास छापून निघाला.

मी आईला फोन लावला. मिळाला, म्हटलं.

"ऐक," ती म्हणाली. "पुढच्या वेळी असला काही फॉर्म असला, तर मला विचारत बसू नकोस. भरून मोकळी हो आणि मग सांग."

मी म्हटलं, तुझा काय संबंध, ते ऑफिसच तसं आहे.

"पुरे. कॅलेंडरचा फोटो काढताना दादाला मी धरलं होतं. दिवाळीपासून माहितीये मला."

मी तिथेच बॅगेवर बसले. महिनाभर ती त्या ऑफिसच्या नावानं खडे फोडत होती, ग्रुपवर, फोनवर, परवा भर हॉलमध्ये. मी विचारलं, मग ऑफिसला एवढ्या शिव्या कशाला घालत होतीस?

"मग काय," आई म्हणाली, "लोकांना तुला घालू द्यायच्या होत्या?"